दोन झेंडे, एक गाव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा आम्ही मराठी रंगभूमीवर किंवा मराठी चित्रपटाच्या वाटचालीवर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. आम्ही विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो उदारपणे बदलून दिला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आज आपल्यापुढे आम्ही एका कोरियन युद्धपटाविषयी बोलणार आहोत. मराठी मंडळात कोरियाचे काय काम, असा प्रश्न कित्येकांच्या मनात उभा राहिला असेल. त्याचे उत्तर बोलण्याच्या ओघात मिळेलच. तूर्त एवढेच सांगतो, की या कथेचा एक धागा मराठवाड्याकडे जातो, दुसरा कोल्हापूरकडे, आणि तिसरा आपण आज बसलो आहोत त्या दिल्लीत येऊन थांबतो.

चित्रपटाचे नाव ‘तेबेक पर्वतरांग’. इम क्वॉन-तेक या नामवंत दिग्दर्शकाने तो १९९४ साली पडद्यावर आणला आणि पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत दाखविला गेला. जो जॉंग-रे या लेखकाच्या दहा खंडांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. गेल्या हिवाळ्यात मंडळातील काही हौशी मंडळींनी एका सभासदाच्या घरी जमून तो पाहिला. पावणेतीन तासांचा चित्रपट, भाषा अनोळखी, नावे लक्षात राहण्यास कठीण. पण तो संपला तेव्हा चहा घेण्याचेही कोणास भान राहिले नव्हते.

कथा घडते ती दक्षिण कोरियाच्या अगदी दक्षिणेकडील बॉल्ग्यो नावाच्या गावात. समुद्राची खाडी, भातशेती, बाजारपेठ आणि मागे डोंगर, असे ते गाव. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे कोरिया जपानच्या ताब्यात होता. जपान हरला आणि देश अडतिसाव्या अक्षांशावर दुभंगला. उत्तरेत रशियाच्या छायेत साम्यवादी राजवट आली, दक्षिणेत अमेरिकेच्या छायेत साम्यवादविरोधी राजवट आली. दक्षिणेच्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली ती १५ ऑगस्ट १९४८ रोजी, म्हणजे आपण स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस साजरा करीत होतो त्याच दिवशी. पुढे दोनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबरला, दक्षिणेतील योसू या बंदरात सैन्याच्या एका पलटणीने बंड केले. जेजू बेटावरचा उठाव चिरडण्यास जाण्याचा हुकूम त्या सैनिकांनी नाकारला होता. बंडाचे लोण शेजारच्या गावांत पसरले आणि बॉल्ग्यो डाव्यांच्या हाती गेले. लोकन्यायालये भरली, जमीनदार आणि पोलीस यांना देहदंड झाले. थोड्याच दिवसांत सरकारी फौज आली. मग ज्यांनी डाव्यांना भाकरी दिली, ज्यांचा मुलगा डोंगरात गेला, त्यांची पाळी आली. १९५० साली युद्ध पेटले, उत्तरेची फौज दक्षिणेत उतरली, गाव पुन्हा लाल झेंड्याखाली गेले. आणि संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने मुसंडी मारताच पुन्हा उलटले. झेंडा बदलला की पहिल्याने बदलते ती मारावयाच्या माणसांची यादी, हे या चित्रपटात आपण डोळ्यांनी पाहतो.

या गावात एका आईचे दोन मुलगे आहेत. थोरला यॉम सांग-जिन हा निष्ठावंत साम्यवादी. कुळांना जमीन मिळावी म्हणून तो घरदार सोडून डोंगरात गेला आहे. धाकटा सांग-गू हा गावगुंड. आता कम्युनिस्टविरोधी तरुणांच्या दलाचा म्होरक्या होऊन प्रतिष्ठित बनला आहे. लहानपणापासून थोरल्याचे कौतुक आणि आपली हेटाळणी, हे त्याचे शल्य. त्याच्या उजव्या विचारसरणीच्या मुळाशी किती विचार आहे आणि किती भाऊबंदकी, हे चित्रपट मुद्दाम उलगडून सांगत नाही. आपल्यासारख्या भाऊबंदकीच्या देशातील प्रेक्षकास ते सांगावेही लागत नाही. तिसरा आहे किम बॉम-उ. तो जमीनदाराच्या घरातला, शिकलेला, सांग-जिनचा स्नेही. कुळांवर अन्याय होतो हे तो जाणतो, पण त्यावर उपाय म्हणून माणसे मारावीत हे त्याला पटत नाही. परिणामी डावे त्याला भेकड समजतात आणि पोलीस त्याला छुपा डावा समजतात.

चित्रपटाचा खरा जीव मात्र बायकांत आहे, असे आम्हांस वाटते. डोंगरात गेलेल्या एका कार्यकर्त्याच्या बायकोवर सांग-गू अत्याचार करतो. तिचा अपराध एवढाच, की तिचा नवरा घरी नाही. सोह्वा नावाची एक तरुण स्त्री गावातली देवऋषीण आहे. तिने एका डाव्या तरुणाला आसरा दिला म्हणून तिचा छळ होतो. शेवटी हीच सोह्वा मृतांच्या शांतीसाठी विधी करते. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला ज्याची तिथी माहीत नाही त्यालाही पाणी मिळते. तसाच तो विधी. मेलेला माणूस कोणत्या पक्षाचा होता, हे तिथे कोणी विचारीत नाही.

या चित्रपटाच्या निर्मितीची कथाही त्याच्या कथेसारखीच आहे. कादंबरी १९८३ ते १९८९ या काळात लिहिली गेली. त्यापूर्वी कित्येक वर्षे दक्षिण कोरियात डोंगरात गेलेल्या माणसाला माणूस म्हणून रंगविणे हाच अपराध होता. विरोधामुळे चित्रपट लांबणीवर पडला. तो निघाल्यावर चित्रपटगृहांना धमक्या आल्या. १९९४ मध्येच काही उजव्या संघटनांनी लेखकाविरुद्ध राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली तक्रार केली, आणि त्या प्रकरणातून तो सुटला तो २००५ साली. अकरा वर्षे एक लेखक एका कादंबरीपायी आरोपी राहिला. २००८ साली त्याच बॉल्ग्योत त्या कादंबरीचे संग्रहालय उभे राहिले. साठ वर्षांपूर्वी ज्या गावात शेजाऱ्याने शेजाऱ्याला दाखवून दिले, त्या गावाने आपली लाज आपल्याच वेशीत मांडून ठेवली. आम्हांस तर ती त्या गावाची मोठी कमाई वाटते.

आता मराठवाड्याच्या धाग्याकडे येतो.

बॉल्ग्योत हे सारे सुरू झाले ते ऑक्टोबर १९४८ मध्ये. त्याच्या आदल्याच महिन्यात, १३ ते १७ सप्टेंबरला, भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश करून निजामाची राजवट संपविली. संस्थानात तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हे मराठी जिल्हे होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा आपण जाणतोच. रझाकारांनी केलेले अत्याचारही आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहेत. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरला वकिली करीत असे. म्हणजे ज्याने आग लावली तोही आपल्याच गावगाड्यातला. त्यांच्या विरोधात उभे राहणारे मुसलमानही होते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली.

एवढा इतिहास आपण दर १७ सप्टेंबरला आठवतो. त्यानंतरचा आपण सहसा आठवीत नाही. राजवट पडली आणि अनेक गावांत सूड सुरू झाला. रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशीही माणसे त्यात बळी पडली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक सद्भावना समिती पाठविली. पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतर मिळून किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा अंदाज समितीने दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ पोहोचली, असे तिने नमूद केले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला आणि पुढे इथे, दिल्लीत, तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयात अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला.

त्या अहवालात एक गोष्ट अशी आहे, की ती वाचून आम्हांस काही काळ पुढे वाचवेना. समिती म्हणते, की हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचविल्याची उदाहरणेही तिला आढळली, आणि हा बंधुभाव एकाच धंद्यातील लोकांत विशेष दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे हिंदू हल्लेखोरांपासून रक्षण केले आणि त्यापायी स्वतः प्राणही दिले. या विणकरांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. ते निजामाच्या बाजूचे असतील असे मानण्यास काही कारण नाही. त्यांनाही ती राजवट नकोशीच झाली असेल. पण शेजारच्या मागावर बसणारा माणूस त्यांनी दिला नाही.

त्या दिवशी चित्रपट संपल्यावर आमच्या मंडळातील एक वयोवृद्ध काकू, नांदेडकडच्या, बराच वेळ गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, “आमच्या बी गावात असंच झालं की.” त्या वेळी त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. पोळा नुकताच होऊन गेला होता. शेजारचे मुसलमान कुटुंब एका रात्री गाव सोडून गेले. दावणीला दोन बैल राहिले. काकूंचे वडील सकाळ-संध्याकाळ जाऊन त्या बैलांना वैरणपाणी करीत. गावातल्या पोरांनी त्यांना रझाकाराचा गडी म्हणून हिणवले. याच वडिलांना सहा महिन्यांपूर्वी रझाकारांनी चावडीवर बसवून मारले होते. दिवाळीनंतर शेजारी परत आला. तो काही बोलला नाही. बैल सोडून घेऊन गेला, आणि सुगीनंतर ज्वारीचे एक पोते ओट्यावर आणून ठेवले. काकूंच्या वडिलांनीही ते मुकाट्याने आत घेतले. पंचाहत्तरहून अधिक वर्षे ही गोष्ट काकूंनी कोणास सांगितली नव्हती. ‘कोणी विचारलंच नाही’, एवढेच कारण त्यांनी दिले.

तेलंगणच्या शेतकरी लढ्यावर गौतम घोष यांनी १९८० साली ‘मा भूमी’ हा तेलुगू चित्रपट काढला. मराठीतही २०१५ साली ‘रझाकार’ नावाचा चित्रपट आला. परंतु ज्यात एका मराठी गावाचा आधीचा छळ आणि नंतरचा सूड ही दोन्ही पाने सारख्याच धैर्याने उलटली आहेत, असा युद्धपट अजून आमच्या पाहण्यात नाही. तो निघेल तेव्हा त्यात त्या दोन बैलांना जागा असावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

आता कोल्हापूरचा धागा.

२७ जुलै १९५३ रोजी कोरियातील युद्ध थांबले, पण एक पेच उरला. सुमारे तेवीस हजार युद्धकैदी मायदेशी परत जाण्यास तयार नव्हते. त्यांतले बहुसंख्य चिनी आणि उत्तर कोरियन होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बाजूचे थोडे. ते खरोखरच स्वेच्छेने नकार देत होते, की छावणीतील पुढाऱ्यांच्या दहशतीमुळे, हे ठरविण्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष होते, आणि कैद्यांची राखण करण्यासाठी भारताने आपली फौज पाठविली. त्या फौजेचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. पॅराशूट रेजिमेंटची मराठा पलटणही त्या फौजेत होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास तयार नव्हते, म्हणून आमचे जवान बोटीवरून हेलिकॉप्टरने थेट सीमेवरील निर्लष्करी पट्ट्यात उतरविले गेले. तिथे त्यांनी जी छावणी वसविली तिचे नाव ‘हिंद नगर’.

काटेरी तारांच्या आत जे होते ते बॉल्ग्योचेच दुसरे रूप होते. एकेका कुंपणात एकेका पक्षाचा अंमल. ज्याला परत घरी जावेसे वाटे, त्याने तसे उघड बोलणे म्हणजे मरण ओढवून घेणे. असे कैदी कुंपणावरून उड्या टाकून भारतीय पहारेकऱ्यांकडे येत. सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून ओलीस धरले. थोरात मोजके साथीदार घेऊन त्या खवळलेल्या जमावात गेले आणि गोळी न झाडता, बोलून, त्याला सोडवून आणले. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, म्हणजे ज्याला आज कीर्तिचक्र म्हणतात, तो सन्मान मिळाला. हे सारे काम रक्त न सांडता पार पडले असे मात्र नव्हे. ऑक्टोबरच्या आरंभी भारतीय पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मृत्यू पावले. दोन्ही बाजूंनी भारतावर पक्षपाताचे आरोप केले. किम बॉम-उच्या वाट्याला जे आले, तेच आमच्या फौजेच्या वाट्याला आले.

शेवटी बहुतेक कैदी एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला गेले. अठ्ठ्याऐंशी जणांनी मात्र दोन्ही बाजू नाकारल्या. शहात्तर कोरियन आणि बारा चिनी. १९५४ च्या आरंभी परतणाऱ्या भारतीय फौजेबरोबर ते बोटीने मद्रासला आले आणि तेथून त्यांना दिल्लीत आणण्यात आले. पुढे त्यांतील बरेचसे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, आणि काही थोडे भारतातच राहिले. ज्या शहरात आपण पोटासाठी आलो, बदलीवर आलो, शिक्षणासाठी आलो, त्या शहरात ही माणसे कोणाचाही झेंडा नको म्हणून आली होती. कोरियन साहित्यात त्यांची सावली पडलेली आहे. चोई इन-हुन या लेखकाच्या १९६० सालच्या ‘चौक’ या कादंबरीचा नायक असाच तटस्थ देशाकडे निघालेल्या बोटीत बसतो, आणि वाटेत समुद्रात उडी घेतो. त्या बोटीला लेखकाने नाव दिले आहे ‘टागोर’.

श्रोतेहो, इथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तटस्थ राहणे हाच धर्म, असे आम्ही सांगत आहोत काय? तसे नाही. किम बॉम-उला चित्रपट मोठेपणा देतो, पण माफी देत नाही. ज्याच्या घरी धान्याची कोठारे भरलेली आहेत त्याला मध्ये उभे राहणे परवडते. ज्या कुळाला वर्षानुवर्षे खंडापायी उपाशी राहावे लागले त्याला ते परवडत नाही, हे दिग्दर्शक विसरत नाही. निजामी जुलूम आणि त्याविरुद्धचा लढा या दोहोंच्या मध्ये उभे राहणे हा काही सद्गुण नव्हता. स्वामीजींनी बाजू घेतली, आणि ती घेणेच योग्य होते. त्या विणकरांची आणि काकूंच्या वडिलांची थोरवी बाजू न घेण्यात नाही. बाजूने माणसाकडून किती मागावे याला एक मर्यादा असते, आणि ती मर्यादा त्यांनी ओळखली. मत मागा, वर्गणी मागा, वेळ पडल्यास तुरुंगवास मागा. पण शेजारी मागू नका, तो आमचा द्यावयाचा नाही.

त्या कोरियन कादंबरीच्या अखेरीस थोरला भाऊ मरतो आणि त्याचे शिर गावात टांगले जाते. तेव्हा ते उतरवून देण्यासाठी पोलिसांशी भांडतो तो सांग-गू. जिवंत होता तोवर तो तुमचा शत्रू होता, मेल्यावर तो माझा भाऊ आहे, असा त्याचा आकांत असतो. आयुष्यभर ज्याचा द्वेष केला त्याच्यासाठी केलेले हे भांडण वाचताना आपले डोळे ओलावतात. पण मनात येते, की हे त्याला थोडे आधी सुचले असते तर!

म्हणून मंडळाविषयी दोन शब्द बोलून आम्ही थांबतो. पन्नास वर्षांपूर्वी आपण परक्या मुलखात एकत्र आलो ते भाषेसाठी, सणासाठी, आजारात डबा पोचविणारे एक घर असावे यासाठी. गणपतीच्या मांडवात सतरंज्या अंथरताना कोण कोणत्या पक्षाचा हे कोणी विचारले नाही. अलीकडे, हे स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमा असावी, ते विचारले जाऊ लागले आहे. मंडळाच्या भ्रमणध्वनीवरील गटात कडाक्याचे वाद होतात, दोन घरांतील जाणे-येणे थांबते, आणि हळदीकुंकवाची बोलावणी मते पाहून जातात. आपल्या हाती बंदुका नाहीत, हे आपले भाग्य. पण बॉल्ग्योतही सुरुवात बंदुकीने झाली नव्हती. ती कोणाच्या घरी जाणे बंद करण्यापासून झाली असली पाहिजे.

वाद जरूर करावेत. महाराष्ट्राचा पिंडच वादाचा आहे, आणि ज्या मंडळात वाद नाहीत ते मंडळ झोपलेले समजावे. मात्र वादानंतर शेजाऱ्याच्या बैलांना वैरण घालण्याइतकी जागा आपल्या मनात उरली पाहिजे. पुढील पन्नास वर्षांसाठी मंडळापुढे याहून मोठा ठराव आम्हांस सुचत नाही. आणि एक छोटी सूचना आहे: काकूंसारखी माणसे आपल्या मंडळात अजून आहेत. संक्रांतीच्या आत कार्यकारिणीने वही घेऊन त्यांच्याकडे जावे आणि विचारावे. कोणी विचारले नाही, असे कारण त्यांना पुन्हा द्यावे लागू नये.



जय हिंद! जय महाराष्ट्र!